मेनी-टू-वन मॅपिंग हायबरनेटमध्ये नीट कसं करायचं: तालुके आणि जिल्हे घेऊन

महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत, एक रायगडात आणि एक अहिल्यानगरात. खेडही दोन, पुण्यातलं वेगळं नि रत्नागिरीतलं वेगळं, आणि कळंब म्हटलं की धाराशिववाला एक सांगणार, यवतमाळवाला दुसरंच. म्हणजे फॉर्ममधला तालुक्याचा ड्रॉपडाऊन नुसत्या नावावर बांधला तर कुणाचा तरी अर्ज भलत्याच जिल्ह्यात जाऊन पडणार. प्रत्येक तालुक्याने आपला जिल्हा धरून ठेवायला हवा. तालुके अनेक, जिल्हा एक, यालाच मेनी-टू-वन म्हणतात. ओआरएम, म्हणजे टेबलांच्या रो ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारी हायबरनेटसारखी लायब्ररी, शिकताना हेच नातं सगळ्यात आधी येतं, दोन अ‍ॅनोटेशन टाकली की चालतंही, त्यामुळे पुढचं कुणी वाचत नाही आणि मग काही महिन्यांनी लॉग उघडला की एका साध्या यादीमागे क्वेरींची रांग लागलेली दिसते.

खाली सगळं जावा, स्प्रिंग बूट ३, हायबरनेट ६ आणि पोस्टग्रेस धरून लिहिलंय. कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत उतरवलाय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

आधी टेबल, मग क्लास

क्लासपासून सुरुवात करून टेबल आपोआप बनवून घ्यायची सवय असेल तर या एका कामापुरती ती बाजूला ठेवा. दोन टेबलं कागदावर मांडा. जिल्हा: आयडी, नाव. तालुका: आयडी, नाव, जिल्हा_आयडी. हा जिल्हा_आयडी म्हणजे फॉरेन की, दुसऱ्या टेबलातल्या रोचा आयडी, आणि ती कायम "अनेक" वाल्या बाजूला बसते, कारण एका रोमध्ये एकच जिल्हा मावतो पण जिल्ह्याच्या एका रोमध्ये चौदा तालुके कोंबता येत नाहीत. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी भानगड मिटते.

तालुक्याच्या रोमध्ये थेट जिल्ह्याचं नावच लिहून टाकलं तर काय बिघडतं, असं विचारणारे असतात. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. फॉरेन की असेल तर जिल्हा टेबलात प्रत्येकी एक रो बदलायची आणि विषय संपला. नाव लिहिलेलं असेल तर अहिल्यानगरचे चौदा तालुके, त्यांची गावं, त्या गावांचे अर्जदार, सगळीकडे नाव शोधत फिरायचं, आणि कुठेतरी "अ.नगर" असं लिहिलेलं सापडणारच.

टेबलात तीन गोष्टी हातासरशी करून घ्या. जिल्हा_आयडी नॉट नल ठेवा, जिल्हा नसलेला तालुका असतच नाही. नाव आणि जिल्हा_आयडी या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावा, नुसत्या नावावर लावलं तर दुसरं कर्जत आत येणारच नाही. तिसरं म्हणजे जिल्हा_आयडीवर इंडेक्स, आणि इथे बरेच जण फसतात: मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीवर इंडेक्स स्वतःच बनवून देतं, पोस्टग्रेस देत नाही. तालुक्यांच्या साडेतीनशे रोमध्ये काही जाणवणार नाही, पण हेच नातं गाव ते तालुका असं खाली नेलं की राज्यात चाळीस हजारांच्या वर गावं आहेत, मग एक तालुका डिलीट करायला गेलात तरी त्याला चिकटलेलं एखादं गाव आहे का हे बघायला पोस्टग्रेस पूर्ण गाव टेबल चाळत बसतं.

आता तालुका क्लासमधलं फील्ड:

@मेनीटूवन(फेच = लेझी, ऑप्शनल = फॉल्स)
@जॉइनकॉलम(नेम = "जिल्हा_आयडी")
प्रायव्हेट जिल्हा जिल्हा;

फील्डचा टाइप लाँग नाही, जिल्हा हा क्लासच आहे, ऑब्जेक्टच्या जगात तालुक्याकडे आकडा नसतो, आख्खा जिल्हा असतो. जॉइनकॉलम लिहिलं नाही तरी हायबरनेट फील्डचं नाव, अंडरस्कोर आणि पलीकडच्या प्रायमरी कीचं नाव जोडून हेच कॉलमनाव काढतं, पण लिहाच, उद्या कुणी फील्डचं नाव बदललं तर कॉलम हलायला नको.

ऑप्शनल फॉल्सने दोन कामं होतात. हायबरनेट टेबल बनवत असेल तर नॉट नल लागतं, आणि हे नातं ईगरने, म्हणजे तालुक्याबरोबर लगेच, आणताना लेफ्ट जॉइनऐवजी इनर जॉइन करता येतो.

फेच लेझी, म्हणजे जिल्हा लागेल तेव्हाच आणायचा, हे मात्र हाताने लिहावंच लागतं. हायबरनेट ३ च्या एक्सएमएल मॅपिंगमध्ये हे नातं मुळात लेझीच असायचं, २००६ मध्ये जेपीए हे जावातल्या ओआरएमचं स्टँडर्ड आलं आणि त्यात मेनी-टू-वनचा डीफॉल्ट ईगर ठरला. माझ्या मते त्या स्पेसिफिकेशनमधला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच, पण आता तो बदलणार नाही, तेव्हा प्रोजेक्टमध्ये नियमच करून टाका की फेच न लिहिलेलं मेनीटूवन रिव्ह्यूमधून पुढे जाणार नाही. कॉटलिनवाल्यांना एक जास्तीचं सांगतो, तिथे क्लास फायनल असतात आणि फायनल क्लासची प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी हायबरनेट ठेवतं तो रिकामा डमी, बनत नाही, म्हणून ऑल-ओपन प्लगइनमध्ये एंटिटी टाकली नाही तर लेझी लिहूनही लेझी होत नाही.

काहींना आकडाही हवा असतो, प्रत्येक वेळी तालुका.जिल्हा.आयडी लिहायचा कंटाळा. ते त्याच कॉलमवर दुसरं लाँग फील्ड लावतात आणि अ‍ॅप्लिकेशन उठतच नाही, मॅपिंगमध्ये तोच कॉलम दोनदा आलाय म्हणत पडतं. दोन्ही ठेवायची असतील तर त्यातल्या एकावर इन्सर्टेबल फॉल्स आणि अपडेटेबल फॉल्स लिहा, मग ते फील्ड वाचण्यापुरतं राहतं आणि कॉलममध्ये लिहिणारा एकच उरतो. इम्पोर्टकडेही नजर टाका, स्प्रिंग बूट ३ मध्ये पॅकेज जकार्ता आहे, जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी केलेलं जावाएक्स चालत नाही.

सेव्ह करताना

नवा तालुका बनवला, त्याला न्यू करून बनवलेला जिल्हा जोडला, सेव्ह केलं की एरर येतो, जोडलेला ऑब्जेक्ट ट्रान्झियंट, म्हणजे अजून सेव्ह न झालेला आहे असा. अर्थ साधा आहे, जिल्ह्याची रोच डेटाबेसमध्ये नाही तर फॉरेन कीमध्ये लिहू काय. नेटवर याचं पहिलं उत्तर मिळतं ते कॅस्केड ऑल (एकावर केलेली कृती जोडलेल्यावरही करायची) लावा असं, आणि लावलं की एरर जातोही. पण हे उत्तर घेऊ नका. कॅस्केड ऑलमध्ये रिमूव्हसुद्धा येतं. समजा तलासरी तालुका काही कारणाने डिलीट केला, तर हायबरनेट त्याच्या मागोमाग पालघर जिल्हाच डिलीट करायला जाणार. नशीब असेल तर बाकीचे सात तालुके त्या जिल्ह्याला चिकटलेले असल्याने डेटाबेस फॉरेन कीच्या एररने अडवेल. आणि जिल्ह्याच्या बाजूलाही तालुक्यांच्या यादीवर कॅस्केड ऑल असेल तर अडवायला कुणी उरत नाही, वसईपासून मोखाड्यापर्यंत सगळे साफ. कॅस्केड वरून खाली असतो. मुलाकडून आईबापाकडे कॅस्केड लावायचं खरं कारण मी तरी अजून पाहिलेलं नाही.

योग्य रस्ता म्हणजे असलेला जिल्हा शोधून जोडणं. त्यातही फाइंडबायआयडी केलं की एक सिलेक्ट जातो, आणि आपल्याला तर फक्त फॉरेन कीचा आकडा लिहायचाय. तिथे गेटरेफरन्सबायआयडी वापरा, जुन्या कोडमध्ये गेटवन दिसेल, त्याचंच आताचं नाव. हे डेटाबेसला न विचारता नुसती प्रॉक्सी देतं, आत फक्त आयडी. जोडा, सेव्ह करा, एकच इन्सर्ट. आयडी खोटा निघाला तर इथे कळत नाही, फ्लश होताना, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये लिहिले जाताना, फॉरेन की ओरडते, म्हणून बाहेरून आलेला आयडी असेल आणि युजरला नीट मेसेज द्यायचा असेल तर फाइंडबायआयडीच बरं.

आता खरी बदली बघू. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटून पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. ठाण्याच्या १५ तालुक्यांपैकी आठ तिकडे गेले: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा. हे मॅपिंगमध्ये दोन प्रकारे करता येतं. आठ तालुके लोड करा, प्रत्येकावर सेटजिल्हा म्हणून पालघरची प्रॉक्सी द्या, ट्रान्झॅक्शन संपताना डर्टी चेकिंगने, म्हणजे बदललेली ऑब्जेक्ट हायबरनेटने स्वतः ओळखून, आठ अपडेट जातील, सेव्ह बोलायचीही गरज नाही. त्या अपडेटमध्ये सगळे कॉलम दिसले तर दचकू नका, हायबरनेटची ती पद्धतच आहे, खटकत असेल तर क्लासवर डायनॅमिकअपडेट लावता येतं.

दुसरा प्रकार म्हणजे जेपीक्यूएलमध्ये, म्हणजे जेपीएच्या क्वेरी भाषेत, एकच अपडेट: तालुक्यातला जिल्हा पालघर करा, जिथे आयडी या आठांपैकी आहे. एक क्वेरी, काम फत्ते. गंमत अशी की ही क्वेरी थेट डेटाबेसवर जाते आणि मेमरीत आधीच लोड झालेल्या तालुक्यांना याचा पत्ताच नसतो. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढच्या ओळीत वसईचा जिल्हा विचारलात तर उत्तर ठाणेच येईल. मॉडिफाइंग अ‍ॅनोटेशनमध्ये क्लिअरऑटोमॅटिकली ट्रू लिहा म्हणजे पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट, म्हणजे लोड झालेल्या ऑब्जेक्टची मेमरीतली जागा, रिकामा होतो. आठ रोसाठी पहिला प्रकार पुरे, हजारोंसाठी दुसरा.

वाचताना, म्हणजे एन प्लस वन

समजा फेच लिहिलं नाही, ईगरच राहिलं, आणि आपण रिपॉझिटरीवर (स्प्रिंगच्या क्वेरी मेथडचा इंटरफेस) फाइंडऑल मारलं. लॉगमध्ये हे दिसेल:

सिलेक्ट आयडी, नाव, जिल्हा_आयडी फ्रॉम तालुका
सिलेक्ट आयडी, नाव फ्रॉम जिल्हा व्हेअर आयडी = ?
सिलेक्ट आयडी, नाव फ्रॉम जिल्हा व्हेअर आयडी = ?

आणि ही शेवटची ओळ खाली खाली चालूच. एका आयडीवर फाइंड केलं तर ईगर नातं जॉइनने येतं, पण क्वेरी लिहिलीत, आणि फाइंडऑलही आतून क्वेरीच आहे, तर हायबरनेट क्वेरी आहे तशी चालवतं आणि मग ईगरचं वचन पाळायला एकेक जिल्हा आणत बसतं. ३५८ तालुके असले तरी ३५८ जादा क्वेरी जात नाहीत, कारण एकदा आणलेला जिल्हा त्या पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्टमध्ये राहतो. मग जिल्हे ३६ म्हणून ३६ जादा क्वेरी का? मोजलंत तर ३५ भरतील, मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणारी एकही रो नाही. एक अधिक पस्तीस, यालाच एन प्लस वन म्हणतात. लॅपटॉपवर डेटाबेस शेजारीच असतो म्हणून काही कळत नाही, सर्व्हरवर प्रत्येक क्वेरीला नेटवर्कची फेरी पडते.

लेझी केलं की या पस्तीस जातात, पण पूर्ण नाही. स्क्रीनवर तालुक्यापुढे जिल्ह्याचं नाव दाखवायचं असेल तर लूपमध्ये गेटजिल्हा.गेटनाव होणार, आणि प्रत्येक नव्या जिल्ह्यापाशी प्रॉक्सी जागी होऊन क्वेरी मारणार, परत पस्तीसच. फक्त गेटआयडी केलं तर क्वेरी जात नाही, तो आकडा प्रॉक्सीकडे आधीच असतो. तेव्हा लेझी हा इलाज नाही, लेझीने फक्त निर्णय आपल्या हातात येतो की कुठल्या क्वेरीला जिल्हा हवा आणि कुठल्या क्वेरीला नको.

हवा असेल तिथे जॉइन फेच लिहा: सिलेक्ट टी फ्रॉम तालुका टी जॉइन फेच टी.जिल्हा. एकाच क्वेरीत सगळं येतं. क्वेरी लिहायची नसेल तर रिपॉझिटरीच्या मेथडवर एंटिटीग्राफ अ‍ॅनोटेशन टाकून त्यात जिल्हा हे नाव द्या, परिणाम तोच. टू-वन बाजूचं जॉइन फेच पेजिंगबरोबर बिनधास्त चालतं, कारण रो वाढत नाहीत, तालुक्याला एकच जिल्हा. हेच उलट बाजूने, जिल्ह्याबरोबर तालुक्यांची यादी जॉइन फेच करून वर पेजिंग लावलंत, तर हायबरनेट सगळा डेटा मेमरीत ओढून तिथे पानं पाडतं आणि लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकून मोकळं होतं.

जुना कोडबेस असेल आणि शंभर ठिकाणी क्वेरी बदलणं शक्य नसेल तर डीफॉल्ट बॅच फेच साइज ही सेटिंग लावा. २० दिली तर पस्तीस जिल्हे दोन क्वेरीत येतात. इतक्या कमी मेहनतीत एवढा फरक देणारी दुसरी सेटिंग मला माहीत नाही, नव्या प्रोजेक्टमध्येही मी ती पहिल्या दिवशीच टाकतो.

आणि नुसती यादी दाखवायची असेल, काही बदलायचं नसेल, तर एंटिटी आणूच नका. तालुक्याचं नाव आणि जिल्ह्याचं नाव एवढ्याच दोन फील्डचा रेकॉर्ड बनवा आणि क्वेरीतून थेट तो भरा. रिपोर्टांसाठी हेच सगळ्यात स्वस्त.

लेझी केल्यावर हमखास भेटणारा एरर म्हणजे लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन, नो सेशन. ट्रान्झॅक्शन बंद झाल्यावर प्रॉक्सीला हात लावला की येतो. स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू (पूर्ण रिक्वेस्टभर सेशन उघडं ठेवणारी सेटिंग) डीफॉल्टने चालू असतं म्हणून वेब रिक्वेस्टमध्ये तो दिसत नाही, शेड्यूल केलेल्या जॉबमध्ये किंवा टेस्टमध्ये मात्र लगेच दिसतो. मी ते बंद करतो. एरर डोळ्यांसमोर आलेला बरा, जेसन बनताना गुपचूप पस्तीस क्वेरी गेलेल्या नकोत.

क्वेरी मोजायची सवय लावा. हायबरनेटच्या एसक्यूएल लॉगरची लेव्हल डीबग करा, किंवा जनरेट स्टॅटिस्टिक्स चालू करून टेस्टमध्येच तपासा की या मेथडला एकच क्वेरी जाते.

उलटी बाजू लागतेच का

मेनीटूवन टाकलं की बहुतेक जण हात न थांबवता जिल्हा क्लासमध्ये तालुक्यांची लिस्ट आणि वनटूमेनी टाकतात. थांबा. जिल्ह्याचे तालुके हवेत तर तालुका रिपॉझिटरीवर फाइंडबायजिल्हाआयडी ही मेथड पुरते, तिला पेजिंग आहे, सॉर्टिंग आहे, काउंट आहे. लिस्टला यातलं काही नाही, साइज विचारली तरी एरवी आख्खी लिस्ट लोड होते. तालुके जास्तीत जास्त पंधरा-सोळा, तिथे चालून जाईल, पण याच धर्तीवर तालुक्यात गावांची आणि गावात रहिवाशांची लिस्ट टाकली की मग बोलायलाच नको.

टाकायचीच असेल तर मॅप्डबाय विसरू नका. मॅप्डबाय म्हणजे फॉरेन कीची मालकी पलीकडच्या जिल्हा या फील्डकडे आहे, ही लिस्ट फक्त बघ्याची. ते नाही लिहिलं आणि जॉइनकॉलमही नाही, तर हायबरनेट दोघांच्या मध्ये तिसरं टेबल बनवून ठेवतं. आणि लिस्ट बघ्याची असल्यामुळे फक्त लिस्टमध्ये अ‍ॅड करून सेव्ह केलं तर फॉरेन कीमध्ये काहीही लिहिलं जात नाही. जिल्हा क्लासमध्ये अ‍ॅडतालुका अशी एक मेथड बनवा, तिच्यात लिस्टमध्ये अ‍ॅडही करा आणि तालुक्यावर सेटजिल्हाही करा, आणि सगळ्यांनी तीच वापरायची.

जिल्ह्याकडून जॉइन लिहिताना लेफ्ट लिहा. इनर जॉइनवाल्या "जिल्हावार तालुक्यांची संख्या" रिपोर्टमधून मुंबई शहर अख्खं गायब होतं आणि रिपोर्ट बघणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

दोन्ही बाजू एकमेकींना ओळखायला लागल्या की टूस्ट्रिंगसारख्या मेथड आपोआप लिहून देणाऱ्या लोंबोकचं डेटा अ‍ॅनोटेशन घात करतं. टूस्ट्रिंग तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यांत असं फिरत राहतं आणि स्टॅक ओव्हरफ्लो. जेसन बनवताना जॅक्सनचंही हेच होतं, आणि फिरणं थांबवलं तरी मध्येच एखादी न उघडलेली प्रॉक्सी लागली की बाइटबडी इंटरसेप्टरला सिरियलायझर नाही असा विचित्र मेसेज येतो. जेसनइग्नोर शिंपडत बसण्यापेक्षा कंट्रोलरमधून एंटिटी बाहेरच सोडू नका.

ईक्वल्स लिहिताना नावावर लिहू नका, दोन्ही कर्जत एकच ठरतील आणि सेटमधून एक गळेल. आयडीवर लिहा, आणि तुलनेत गेटक्लास नको, इन्स्टन्सऑफ घ्या, कारण लेझी जिल्ह्याचा क्लास जिल्हा नसतो, त्याच्यावर बनवलेला प्रॉक्सीचा क्लास असतो.

पायथनच्या जँगोवाल्यांना यातलं बरंच फुकट मिळतं: फॉरेनकी फील्ड लेझीच असतं, जिल्हा_आयडी आपोआप हाताशी येतो, जॉइन फेचच्या जागी सिलेक्ट रिलेटेड, आणि २.० पासून ऑन डिलीट लिहिल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. नातं तेच, सवयी वेगळ्या.

जिथे एक फॉरेन की पुरत नाही

मेनी-टू-वन फक्त आजचं सांगतं. वसईची जिल्हा_आयडी पालघर केली की ती आधी ठाण्यात होती हे डेटाबेस विसरला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर आहे, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त, पण त्यात हे आठही तालुके धरलेत. आजच्या फॉरेन कीवर जॉइन करून २०११ चे तालुक्यांचे आकडे जिल्हावार बेरजेला घेतलेत तर ठाण्याचा आकडा छापील आकड्याशी जुळणार नाही, आणि क्वेरीत कुठेही चूक सापडणार नाही.

जुने आकडे लागणार असतील तर नातं स्वतंत्र टेबलात काढा. नाव द्या तालुका_जिल्हा_काळ: तालुका_आयडी, जिल्हा_आयडी, पासून, पर्यंत. एंटिटी म्हणून बघाल तर आता यात दोन मेनीटूवन आहेत, एक तालुक्याकडे, एक जिल्ह्याकडे, आणि वर सांगितलेलं सगळं दोन्हींना लागू, लेझीसकट. वसईच्या दोन रो होतील. पहिली ठाणे, पर्यंत १ ऑगस्ट २०१४, दुसरी पालघर, पासून १ ऑगस्ट २०१४ आणि पर्यंत रिकामं. पासूनचा दिवस धरायचा, पर्यंतचा धरायचा नाही, म्हणजे त्या एका दिवशी तालुका दोन्हीकडे दिसत नाही. एका वेळी एकच चालू रो राहावी म्हणून पोस्टग्रेसमध्ये तालुका_आयडीवर पार्शल युनिक इंडेक्स टाका, अट पर्यंत इज नल. जुने काळही एकमेकांवर चढायला नको असतील तर डेटरेंजवर एक्सक्लुजन कन्स्ट्रेंट लावा, त्यासाठी बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन लागेल. आजचा जिल्हा वारंवार लागतो म्हणून तालुका टेबलातली जिल्हा_आयडीही ठेवायला हरकत नाही, फक्त दोन्ही ठिकाणं एकाच सर्व्हिस मेथडमधून, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदला.